कुंकवाच्या पुडीवरील वाङ्मय

मासिकांच्या पानांवर काव्याची परीक्षा होते, कादंबरीची होते, नाटकाची तर प्रयोगागणिक होते. परंतु ज्या मजकुराची एक तरी प्रत महाराष्ट्रांतील बहुतेक घरांच्या देव्हाऱ्यांत असते, आणि जो न वाचतां रोज हाताळला जातो, त्या मजकुराकडे टीकाकारांची दृष्टि अद्यापि गेलेली नाहीं. हा मजकूर म्हणजे कुंकवाच्या पुडीवर छापलेलें वाङ्मय होय. वाचक हंसतील, हें आम्हीं गृहीत धरलें आहे. तथापि थोडा धीर धरून त्यांनीं आमच्याबरोबर या पुड्या उलगडून पाहाव्या, अशी आमची विनंति आहे. कारण या वाङ्मयांत शब्द खोटा पडला तर त्याचें प्रायश्चित्त लेखकास घ्यावें लागत नाहीं, तें घरांतील रांगत्या मुलास घ्यावें लागतें.

परीक्षणासाठीं आम्हीं कळंबच्या बाजारांतून पांच पुड्या विकत घेतल्या. धाराशिव जिल्ह्यांतील हें मांजरेच्या कांठचें तालुक्याचें गांव या कामास विशेष योग्य आहे. तालुक्यांतच येरमाळ्याच्या डोंगरावर येडेश्वरी. याच जिल्ह्यांत तुळजापुरची भवानी. शेजारच्या बीड जिल्ह्यांत आंबेजोगाईची योगेश्वरी. तीन देवींच्या मध्यें वसलेल्या गांवांत कुंकवाला तोटा कसा असावा? पालाखालीं बसलेल्या एका बाईंना आम्हीं विचारलें, "बाई, यांत काय काय असतं?" त्यांनीं पुडीचा कोपरा उकलून चिमूटभर कुंकू आमच्या तळहातावर ठेवलें आणि त्या म्हणाल्या, "काय असतंय मंजी? लालभडक हाय की न्हाई बघा दादा. कुंकूच हाय ते." या उत्तरांत लबाडी मुळींच नव्हती. घाऊक व्यापाऱ्यानें त्यांच्यापुढें जें ठेवलें तें त्यांनीं आमच्यापुढें ठेवलें. आंत काय आहे हें त्यांना कोणीं सांगितलें नव्हतें, आणि विचारणारे गिऱ्हाईकहि बहुधा आम्हीच पहिले होतों.

आतां मजकुराकडे वळूं. पांचहि पुड्यांवर देवीचें चित्र आहे. चोहोंवर 'शुद्ध' हा शब्द आहे, तिहींवर 'अस्सल', दोहोंवर 'हर्बल'. पाठीमागें बारीक अक्षरांत वजन, किंमत आणि एका पुडीवर 'फक्त पूजेसाठीं' अशी सूचना. कुंकू कशाचें केलें आहे, हें एकीवरहि नाहीं. व्याकरणांत विशेषणाला विशेष्य लागतें. 'शुद्ध दूध' म्हटलें कीं त्यांत पाणी नाहीं एवढा तरी बोध होतो, कारण दूध म्हणजे काय हें सर्वांस ठाऊक आहे. कुंकवाचें तसें राहिलेलें नाहीं. एका काळीं तें एका पदार्थाचें नांव होतें. आज तें एका रंगाचें व एका उपयोगाचें नांव झालें आहे. मग शुद्ध काय? शुद्ध हळद, शुद्ध खडू, कीं शुद्ध डांबरी रंग? 'फक्त पूजेसाठीं' हें वाक्य तर भक्ताच्या लेखणीचें दिसत असलें तरी वकिलाच्या लेखणीचें आहे. देवीला वाहिलेलें कुंकू प्रसाद म्हणून कपाळीं लागतें, हें महाराष्ट्रांत कोणाला ठाऊक नाहीं? कपाळावर लावूं नये असें म्हणण्याचें धैर्य नाहीं, आणि लावल्यास जबाबदारी घेण्याची तयारी नाहीं. या दोहोंमधल्या फटींत हें वाक्य बसविलेलें आहे.

आमच्या ललित वाङ्मयानेंहि या बाबतींत फारशी मदत केलेली नाहीं. त्यानें कुंकवाचा अर्थ पुष्कळ शोधला, पण द्रव्य शोधलें नाहीं. व्ही. शांताराम यांचा 'कुंकू' हा प्रभातचा बोलपट १९३७ सालीं आला, तो ना. ह. आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरून घेतलेला. कुंकू कोणाच्या नांवानें लावावें आणि लावणारीची त्यास संमति आहे काय, हा प्रश्न त्या काळीं धीटपणें विचारला गेला, याचा आम्हांस अभिमान वाटतो. परंतु डबींतील भुकटी कशाची, हा साधा प्रश्न सुधारकांनींहि विचारला नाहीं आणि सनातन्यांनींहि नाहीं. सौभाग्याच्या वस्तूची चौकशी करणें अशुभ, असा एक अलिखित संकेत दोन्हीं पक्षांनीं सारखाच पाळला. आणि ज्या वस्तूची चौकशी होत नाहीं तींत भेसळ करणें सर्वांत सोपें असतें.

जुन्या रीतीचें कुंकू हळदीचें असे. हळकुंडें टाकणखार, तुरटी व लिंबाचा रस यांत मुरवावयाचीं, वाळवावयाचीं, आणि कुटून वस्त्रगाळ करावयाचीं, ही कृति मागच्या पिढ्यांतील पुष्कळ बायकांस ठाऊक होती. हळदींत कर्क्युमिन नांवाचें पिवळें द्रव्य असतें. आंबट रसाच्या सान्निध्यांत टाकणखारांतील बोरॉनशीं त्याचा संयोग झाला म्हणजे रोझोसायनीन हें तांबडें द्रव्य तयार होतें. हा रंग वरून चोपडलेला नव्हे. हळदच स्वतः लाल होते. नुसत्या चुन्यानेंहि हळद लाल होते, पण ती लाली उसनी. लिंबू पिळतांच पुन्हां पिवळी पडते. कसेंहि केलें तरी हळदीच्या कुंकवाचा रंग थोडा मातकट व खोल असतो, तो उन्हानें फिका होतो, आणि त्याला हळदीचा वास राहतो.

पुढें रंगांचा जमाना पालटला. १८५६ सालीं विल्यम पर्किन या इंग्रज तरुणानें डांबरांतून निघणाऱ्या द्रव्यापासून जांभळा रंग काढला आणि त्यामागोमाग डांबरी रंगांची रांगच लागली. ते स्वस्त होते, टिकाऊ होते आणि डोळ्यांत भरणारे होते. आजच्या बाजारी कुंकवांत पिठाची, खडूची अथवा शंखजिऱ्याची भुकटी आणि तिच्यावर चढविलेला कृत्रिम रंग असा संसार पुष्कळदां आढळतो. कुंकवामुळें कपाळावर उठणारी खाज व मागें राहणारे काळसर डाग यांच्या नोंदी त्वचारोगतज्ज्ञांनीं करून ठेवलेल्या असून त्यांत सुदान-१ व ब्रिलियंट लेक रेड आर या रंगांचीं नांवें येतात. सुदान-१ हा मेण, तेल व पॉलिश रंगविण्याचा पदार्थ. तो मिरचीपुडींत सांपडला म्हणून २००३ सालीं युरोपीय संघानें तिच्या आयातीवर तांतडीचे निर्बंध घातले. कपाळासाठीं मात्र तेवढी तांतडी कोणासहि वाटली नाहीं.

याहून गंभीर गोष्ट शिशाची आहे. कुंकवाचा सख्खा भाऊ जो सिंदूर, त्याचे ११८ नमुने तपासून अमेरिकेंतील संशोधकांनीं २०१७ सालीं आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. त्यांपैकीं ९५ नमुने न्यू जर्सींतील दुकानांतले व २३ मुंबई आणि दिल्ली येथले होते. ग्रॅममागें एक मायक्रोग्रॅम किंवा त्याहून अधिक शिसें अमेरिकेंत घेतलेल्या ८३ टक्के व भारतांत घेतलेल्या ७८ टक्के नमुन्यांत निघालें. ग्रॅममागें २० मायक्रोग्रॅम ही तेथील सरकारी मर्यादा. ती ओलांडणारे नमुने तिकडचे १९ टक्के, तर इकडचे ४३ टक्के होते. तीन नमुन्यांत तर हें प्रमाण दहा हजारांच्या वर गेलें. शिसें कातडींतून फारसें आंत शिरत नाहीं, हें खरें. परंतु तें बोटांवरून तोंडांत जातें. जागतिक आरोग्य संघटना सांगते कीं, शिशाची निर्धोक म्हणतां येईल अशी मात्राच ज्ञात नाहीं, आणि पोटांत गेलेलें शिसें लहान मुलें प्रौढांच्या चौपट-पांचपट शोषून घेतात. तें मेंदूच्या वाढीवर घाला घालतें, हाडांत सांठून राहतें, आणि गरोदरपणीं हाडांतून पुन्हां रक्तांत उतरतें. संक्रांतीच्या हळदीकुंकवाचा प्रसंग डोळ्यांपुढें आणा: ज्या बोटांनीं कुंकू लावावयाचें त्याच बोटांनीं तिळगूळ हातावर ठेवावयाचा, आणि कडेवरच्या मुलानें तो तोंडांत टाकावयाचा.

येथवर वाचून आमच्या वडीलधाऱ्या वाचकांस समाधान वाटलें असेल. "आम्ही सांगत नव्हतों काय? जुनें तें सोनें!" असें ते म्हणतील. टीकाकारानें आपल्या पक्षाच्याहि साक्षीदाराची उलटतपासणी करावी लागते. शेंदूर कोणत्या गिरणींत प्रथम निघाला? मारुतीच्या अंगावर, म्हसोबाच्या दगडावर, गांवच्या वेशीवर पिढ्यान् पिढ्या चढत आलेला हा शेंदूर म्हणजे तेलांत खललेलें शिशाचें भस्म. हिंगूळ तर पारा आणि गंधक यांचें संयुग. हीं दोन्हीं द्रव्यें जुनीं आहेत, पवित्र मानलीं गेलीं आहेत, आणि दोन्हीं विषारी आहेत. आमच्या पूर्वजांस हें अगदींच ठाऊक नव्हतें असेंहि नाहीं. मत्सरानें कोणी गवयाला शेंदूर खाऊं घातला आणि त्याचा गळा कायमचा गेला, अशा कथा आमच्या संगीताच्या जगांत आजहि सांगितल्या जातात. म्हणजे पोटांत जातां कामा नये हें ज्ञान होतें. परंतु तेंच द्रव्य बोटाला लागून पोटांत जातें, एवढी पुढची पायरी कोणीं चढली नाहीं. वर गौरविलेल्या हळदीच्या कुंकवांतील टाकणखारहि निर्दोष म्हणून सोडतां येत नाहीं. बोरॉनचीं हीं संयुगें अधिक प्रमाणांत पोटांत गेल्यास प्रजननशक्तीस बाधक ठरतात, म्हणून युरोपांत त्यांचा समावेश काळजीच्या द्रव्यांच्या यादींत २०१० सालीं झाला. चिमूटभर कुंकवांतील टाकणखाराचा बाऊ आम्ही करीत नाहीं. सांगावयाचें एवढेंच कीं, प्राचीनता हें निर्धोकपणाचें प्रमाणपत्र नव्हे.

आतां दुसऱ्या बाजूचे, म्हणजे नवमतवादी वाचक पुढें सरसावतील. "भुकटीची कटकटच नको, म्हणून तर टिकली निघाली!" टिकलीचा इतिहास मोठा बोधप्रद आहे. तिनें हात रंगत नाहींत, घामानें ती ओघळत नाहीं, साडीस हवी तशी रंगसंगति साधतां येते. मेण लावून त्यावर कुंकू बसविण्याचा खटाटोप तिनें एका फटक्यांत संपविला. परंतु कांहीं वर्षांनीं कित्येक स्त्रियांच्या कपाळावर टिकलीच्याच आकाराचा पांढरा डाग उमटूं लागला. १९९० सालीं भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनीं त्याचें कारण मांडलें. टिकलीच्या मागील चिकट लेपांत पॅरा-टर्शरी-ब्यूटाइल-फिनॉल नांवाचें द्रव्य असे, आणि तें त्वचेला वर्ण देणाऱ्या पेशींचाच नाश करी. ज्या समाजांत पांढऱ्या डागाला कोड म्हणून नाक मुरडलें जातें, ठरलेलीं लग्नें मोडतात, त्या समाजांत सौभाग्याच्या जागींच असा डाग उमटणें याहून क्रूर थट्टा कोणती? एक विष टाळण्यासाठीं उचललेल्या वस्तूंत दुसरें होतें. आणि तें पुढें नसून पाठीमागें असल्यामुळें कोणीं पाहिलें नाहीं. परदेशांतहि हाच खेळ चालतो. प्लॅस्टिकच्या बाटल्यांतील बिस्फेनॉल ए या द्रव्याविरुद्ध ओरड झाली, तेव्हां कित्येक वस्तूंत त्याच्या जागीं त्याच कुळांतील बिस्फेनॉल एस आलें, आणि वेष्टनावर 'बिस्फेनॉल ए विरहित' अशीं अक्षरें झळकलीं. अक्षरें खरीं होतीं. त्यांतून होणारा बोध खोटा होता.

तेव्हां आमचें म्हणणें थोडक्यांत असें आहे. विषाच्या जागीं दुसरी वस्तु आणणें म्हणजे सुधारणा नव्हे. त्या दुसऱ्या वस्तूचें नांव सांगून तिचीहि परीक्षा होऊं देणें म्हणजे सुधारणा. दगडाला शेंदूर फांसला कीं त्याचा देव होतो आणि मग त्याच्या पोटांत काय आहे हें कोणी विचारीत नाहीं, असें आपण उपरोधानें म्हणतों. 'हर्बल' हा शब्द आजच्या बाजारांतला तसाच शेंदूर आहे. तो फांसला कीं साबण, तेल, उदबत्ती, दंतमंजन, कुंकू, सारें एकदम पूज्य होतें. धोतराहि वनस्पति आहे आणि बचनागहि वनस्पति आहे, हें विसरण्याइतके आपण भोळे नाहीं. पण शब्द गोड लागला म्हणजे स्मरणशक्ति सोयीनें झोंपते.

दोष केवळ पुडीच्या लेखकावर टाकून आम्हांस मोकळें होतां येत नाहीं. कोणत्याहि वाङ्मयाची पातळी त्याच्या वाचकवर्गावर अवलंबून असते, आणि येथें वाचकवर्ग म्हणजे आपणच. बाजारांतील त्या बाईंनीं शुद्धतेचा पुरावा म्हणून लालभडक रंग दाखविला, कारण गिऱ्हाईक तोच पुरावा मागतें. हळदीचें मातकट कुंकू त्यांनीं पुढें केलें असतें तर "हें जुनाट दिसतें, ताजें द्या" असें आपणच म्हटलें असतें. सोलापूर जिल्ह्यांत करमाळा तालुक्यांतील केम हें गांव कुंकवाच्या कारखानदारीसाठीं प्रसिद्ध आहे. तेथील व अन्यत्रच्या पुष्कळ कुटुंबांचें पोट या धंद्यावर चालतें. त्यांत प्रामाणिकपणें हळदीचें कुंकू करणारा कारागीर असेल तर त्याला पडणारा खर्च हळदीच्या भावाबरोबर चढतो, आणि रंगविलेल्या खडूशीं त्याची स्पर्धा होते. दोघांच्याहि पुडीवर शब्द एकच: 'शुद्ध'. खरें बोलणाऱ्यास खोटें बोलणाऱ्यापासून वेगळें ओळखण्याचें साधनच भाषेनें शिल्लक ठेवलेलें नाहीं. या वाङ्मयाचा पहिला बळी गिऱ्हाईक असेल. दुसरा बळी हा कारागीर आहे.

मग कायदा काय करतो, असा प्रश्न येईल. शिसें व आर्सेनिक यांचीं संयुगें सौंदर्यप्रसाधनांत रंगासाठीं वापरण्यास आपल्याकडे मनाई आहे. २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांप्रमाणें वेष्टनावर घटकांची यादी छापावी लागते. परंतु ३० ग्रॅमहून लहान पुडीस त्यांतून सूट आहे. गरीब बाई पांच-दहा रुपयांची लहान पुडी घेते. म्हणजे जिला माहितीची सर्वांत अधिक गरज, तिलाच ती न देण्याची मुभा! आणि पुडीवर 'फक्त पूजेसाठीं' असें छापलें कीं ती वस्तु प्रसाधन नव्हेच, असा युक्तिवाद करण्यास वाट मोकळी होते.

तरीहि निराश होण्याचें कारण नाहीं, कारण विष हटविल्याचीं उदाहरणें आपल्या डोळ्यांदेखत घडलेलीं आहेत. शिसें मिसळलेलें पेट्रोल भारतांत २००० सालीं बंद झालें. गाड्या कांहीं थांबल्या नाहींत. घरगुती रंगांत शिसें दहा लक्ष भागांत ९० भागांहून अधिक असूं नये, असा नियम २०१६ सालीं झाला व १ नोव्हेंबर २०१७ पासून तो अमलांत आला. सर्वांत हृद्य उदाहरण आपल्या शेजारच्या बांगलादेशाचें आहे. तेथें हळकुंडांना झळाळी यावी म्हणून त्यांवर लेड क्रोमेट हें शिशाचें पिवळें संयुग चोळीत असत. २०१९ सालीं बाजारांतील हळदीच्या ४७ टक्के नमुन्यांत शिसें आढळलें. संशोधकांनीं तें दाखवून दिलें, सरकारनें वृत्तपत्रांतून व बाजारपेठांतून इशारे दिले, घाऊक बाजारांत तपासणीचीं यंत्रें नेलीं, दंड केले. आणि २०२१ सालीं हें प्रमाण शून्यावर आलें. या यशांत गृहिणीच्या चोखंदळपणाचा वांटा थोडा आहे. तिला शिसें डोळ्यांनीं दिसत नाहीं, जिभेला कळत नाहीं. विष तिच्या उंबऱ्याशीं अडविण्यांत आलें नाहीं. तें गिरणीच्या दाराशीं अडविण्यांत आलें. 'जागरूक ग्राहक' या गोंडस शब्दानें आपण पुष्कळदां सरकारचें व कारखानदाराचें काम घरच्या बाईच्या डोक्यावर ठेवतों, हें या निमित्तानें ध्यानांत यावें.

कळंबहून परततांना आम्ही येरमाळ्यास थांबलों. चैत्री पौर्णिमेच्या यात्रेंत येथें लाखों लोक जमतात, आणि पालखीबरोबर जाऊन रानांतील चुनखडीचे खडे वेचतात. प्रत्येकाच्या हातचे चार-पांच खडे पडतां पडतां ढीग होतो, आणि त्या चुन्यानें मंदिर रंगवावयाचें, असा परिपाठ आहे. या विधीवर कोणी रसायनशास्त्राचा आरोप करील तर आम्ही त्यांत सामील होणार नाहीं. भक्तांनीं शिशाच्या भयानें तो सुरू केलेला नाहीं. परंतु पुड्यांचें वाङ्मय वाचून आल्यावर आमच्या मनांत एक विचार आल्याविना राहिला नाहीं. तेथें रंगाचें नांव पोराला ठाऊक आहे, तो कोठून आला हें ठाऊक आहे, आणि त्याचा दोषहि ठाऊक आहे. चुना डोळ्यांत गेला तर डोळा जातो, हें आई मुलाला आधींच सांगते. ज्याचें नांव, गांव आणि अवगुण तिन्हीं ठाऊक आहेत, त्याच्याशीं माणसाला सावधपणें नांदतां येतें. पर्याय शोधणाऱ्यांनीं हीच कसोटी वापरावी. शेंदराच्या जागीं गेरू आणावयाचा असेल तर अवश्य आणावा. लोखंडाचें तें तांबडें भस्म शिशाहून कितीतरी बरें. परंतु तो कोठल्या खाणीचा, आणि तपासला कीं नाहीं, हें सांगून आणावा.

घरीं आल्यावर हा लेख आम्हीं घरच्या मंडळींस वाचून दाखविला. त्यांनीं तो शांतपणें ऐकून घेतला आणि विचारलें, "हें सारें ठीक. पण संक्रांतीला दारीं आलेल्या बायकांच्या कपाळीं मीं काय लावावें, तें सांगा कीं." आमच्या टीकाकारीच्या आयुष्यांत इतका अवघड अभिप्राय आम्हांस कोणीं दिलेला नाहीं. आम्हीं सोड्याच्या पाण्याची गोष्ट काढली: टाकणखार घालून केलेलें हळदीचें कुंकू त्या पाण्यानें काळपट हिरवें होतें, डांबरी रंग बहुधा तसा पालटत नाहीं. पांच पुड्यांपैकीं एकच हिरवी झाली. आणि ती 'हर्बल' म्हणविणाऱ्या दोहोंपैकीं नव्हती. पण या प्रयोगानें हळद आहे एवढेंच कळतें. शिसें नाहीं असें कळत नाहीं. त्यासाठीं प्रयोगशाळाच लागते, आणि प्रत्येक घरानें पुडी घेऊन प्रयोगशाळेंत जावें, हा सल्ला देण्यास आमची जीभ रेटेना.

शेवटीं असें ठरलें कीं, यंदा घरांत हळकुंडांचेंच कुंकू करावयाचें, मग रंग मातकट आला तरी चालेल. आणि तिळगूळ बोटांनीं न देतां चमच्यानें द्यावयाचा. हा एका घराचा तोडगा झाला. तो महाराष्ट्राचा तोडगा नव्हे, हें आम्ही जाणतों. ज्या बाईला हळकुंडें विकत घेऊन कुटण्यास पैसाहि नाहीं आणि वेळहि नाहीं, तिच्या पांच रुपयांच्या पुडीवर चार ओळी छापल्या जाव्या, एवढेंच मागणें आम्ही कारखानदारांपुढें व सरकारपुढें ठेवतों. पहिली ओळ: हळद, टाकणखार, तुरटी, लिंबाचा रस, अथवा जें खरोखर असेल तें. दुसरी: शिसें तपासलें, अमुक तारखेस, अमुक ठिकाणीं, इतकें निघालें. तिसरी: कपाळास लावण्यास योग्य आहे किंवा नाहीं. चौथी: करणाऱ्याचें नांव व गांव. देवीचें चित्र राहूं द्यावें. 'शुद्ध' हा शब्द मात्र काढून टाकावा. वरच्या चार ओळी खऱ्या असतील तर त्याची गरज नाहीं, आणि खोट्या असतील तर त्याचा उपयोग नाहीं. अशी पुडी ज्या दिवशीं कळंबच्या त्या पालाखालीं विकावयास येईल, त्या दिवशीं आम्ही तिच्यावर पुन्हां अभिप्राय लिहूं, आणि तो अनुकूल असेल.